एडवर्ड हाइड नावाची दोन माणसं: कादंबरीतला खुनी आणि मुंबई मिळवणारा चॅन्सेलर

तुम्ही विचारलंय की रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 'जेकिल अँड हाइड' कादंबरीत प्रतिष्ठित डॉ. जेकिल औषध घेऊन ज्या दुष्ट माणसात बदलतो त्याचं पूर्ण नाव एडवर्ड हाइड आहे, आणि इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचा सगळ्यात मोठा मंत्री, म्हणजे लॉर्ड चॅन्सेलर, ज्याला इतिहासात अर्ल ऑफ क्लॅरेंडन म्हणतात, त्याचंही मूळ नाव एडवर्ड हाइडच, तर स्टीव्हन्सनने हे नाव मुद्दाम त्याच्यावरून उचललं का आणि त्यात काही राजकीय टीका आहे का. मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलंय, ही कादंबरी शिकवताना हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी काढायचंच, विशेषतः ज्यांनी बीएला इतिहास घेतलेला असायचा ते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मुद्दाम उचललं ह्याला थेट पुरावा काहीच नाही. पण स्टीव्हन्सनला हा चॅन्सेलर माहीत होता का, तर हो, नक्की माहीत होता, आणि ते कशावरून ते खाली येईलच. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच लेखांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते.

आधी कादंबरी. स्टीव्हन्सनने ती 1885 च्या शरद ऋतूत बोर्नमथला लिहिली, तिथल्या त्याच्या घराचं नाव 'स्केरीव्होर', तब्येत फार खालावलेली, बराच वेळ अंथरुणात. जानेवारी 1886 मध्ये ती लाँगमन्सने छापली आणि पहिल्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये 40,000 च्या आसपास प्रती खपल्या. गोष्ट कशी सुचली हे त्याने नंतर स्वप्नांवरच्या एका लेखात सांगितलंय. दोन दिवस कथानक सुचत नव्हतं, मग स्वप्नात एक खिडकीचा प्रसंग दिसला आणि दुसरा तो, जिथे मागे लोक लागलेले असताना हाइड पूड घेतो आणि त्यांच्यासमोर बदलतो. त्या लेखात ह्या माणसाचं नाव 'एडवर्ड हाइड' का ठेवलं ह्यावर काही नाही. खरं सांगायचं तर आडनावाला स्पष्टीकरणाची गरजही नव्हती, कारण ते कादंबरीतच दिलंय: वकील अटरसन स्वतःशी म्हणतो की तो जर मिस्टर हाइड असेल तर मी मिस्टर सीक होईन, म्हणजे तो लपणार आणि मी शोधणार. लपाछपीचा खेळ. एवढा उघड अर्थ लेखकानेच दिल्यावर आडनावापुरता प्रश्न माझ्या मते संपतो.

मग राहतं 'एडवर्ड'. हे नाव कादंबरीत फार थोड्या वेळा येतं, बाकी सगळीकडे तो नुसता 'मिस्टर हाइड'. आणि ते पहिल्यांदा कुठे येतं ते बघा, डॉ. जेकिलच्या मृत्युपत्रात. जेकिल मेला तर सगळी इस्टेट 'मित्र आणि उपकारकर्ता एडवर्ड हाइड' ह्याच्याकडे जावी, आणि जेकिल नाहीसा झाला किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कारण न देता गायब राहिला तरीसुद्धा जावी. म्हणजे पूर्ण नाव लागतं ते कागदासाठी. स्टीव्हन्सन स्वतः वकिलीची परीक्षा पास झालेला होता, 1875 मध्ये एडिंबराला त्याला सनद मिळाली, प्रॅक्टिस जवळजवळ केली नाही पण मृत्युपत्रात नुसतं 'मिस्टर हाइड' चालत नाही हे त्याला कळत होतं. तिथे काहीतरी पहिलं नाव द्यायचंच होतं, आणि एडवर्ड म्हणजे इंग्लंडात गल्लोगल्ली सापडणारं नाव. माझा कल ह्या साध्या कारणाकडे आहे.

पण मग शंका का येते? कारण स्टीव्हन्सन खऱ्या माणसांची नावं वापरायचा. 'जेकिल' हे आडनाव त्याच्या मित्राचं होतं, वॉल्टर जेकिल नावाचा पाद्री, प्रसिद्ध उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिलचा भाऊ. एक नाव ओळखीतून आलं तर दुसरं इतिहासातून का येऊ नये, असा युक्तिवाद असतो आणि तो वाईट नाही. त्यात भर घालणाऱ्या दोन गोष्टी आहेत ज्या मला स्वतःला फार आवडतात, म्हणून त्या पूर्ण मांडतो आणि मग त्या का पुरत नाहीत तेही सांगतो.

पहिली गोष्ट खुनाची. हाइड ज्याचा काठीने ठेचून खून करतो तो म्हातारा सभ्य गृहस्थ कोण, तर सर डॅनव्हर्स कॅर्यू, पार्लमेंटचा सभासद. पेपर विकणारी पोरं रस्त्यात ओरडत असतात की एका खासदाराचा भयानक खून झाला. आता चार्ल्स पहिल्याला, म्हणजे दुसऱ्या चार्ल्सच्या बापाला, 1649 मध्ये मृत्युदंड देऊन राजेशाही संपवणाऱ्या फर्मानावर ज्यांनी सह्या केल्या त्यांची यादी काढा. त्यात सर जॉन डॅनव्हर्स आहे आणि जॉन कॅर्यूही आहे. डॅनव्हर्स 1655 मध्ये आधीच वारला, पण कॅर्यूला राजेशाही परत आल्यावर ऑक्टोबर 1660 मध्ये चेअरिंग क्रॉसला हालहाल करून मारलं. आणि त्या वेळी लॉर्ड चॅन्सेलर कोण, तर एडवर्ड हाइड! म्हणजे राजाचा मंत्री हाइड आणि राजाला मारणारे डॅनव्हर्स आणि कॅर्यू, आणि कादंबरीत हाइडच्या हातून मरतो तो खासदार डॅनव्हर्स कॅर्यू. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा माणूस खुर्चीत ताठ बसतो.

दुसरी गोष्ट पहिल्या नावांची. जेकिलचं नाव हेन्री. कादंबरीच्या शेवटच्या कबुलीजबाबात जेकिल म्हणतो की त्याला हाइडबद्दल बापापेक्षा जास्त ओढ होती आणि हाइडला मुलापेक्षा जास्त बेफिकिरी. म्हणजे हेन्री बाप आणि एडवर्ड मुलगा. आता चॅन्सेलरचं घराणं बघा: बापाचं नाव हेन्री हाइड, मुलगा एडवर्ड म्हणजे आपला चॅन्सेलर, त्याचा मोठा मुलगा परत हेन्री, आणि त्या हेन्रीचा मुलगा परत एडवर्ड.

जुळतंय ना? पण आता शांतपणे विचार करा. हेन्री आणि एडवर्ड ही इंग्लंडच्या राजांची नावं, कुठल्याही जमीनदार घराण्याची वंशावळ काढलीत तर ही दोन आलटून पालटून मिळतील. डॅनव्हर्स आणि कॅर्यू ही जुनी, घरंदाज वाटणारी आडनावं आहेत, बड्या घरच्या खासदाराला नाव द्यायचं तर लेखक अशीच नावं शोधणार. शिवाय अर्थ लावायला गेलं की सगळं उलटं पडतं. खरा हाइड सूड घेणारा नव्हताच. 1660 च्या माफीच्या कायद्याच्या पाठीशी तो ठामपणे उभा राहिला, राजाने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, थोडे लोक सोडून बाकी सगळ्यांना माफी, असं त्याचं म्हणणं होतं आणि ह्याच कारणावरून राजाच्या बाजूने लढून कंगाल झालेले लोक त्याच्यावर चिडले. मग कादंबरीतला हाइड म्हणजे ह्या माणसावर टीका, हे कसं बसवणार? धागे जुळतात पण त्यांचं कापड होत नाही. राजकीय टीका असेल तर ती वाचकाला कळावी लागते, आणि 1886 च्या वाचकाला ती कळल्याचं मला कुठे दिसत नाही.

न कळण्याचं एक सरळ कारण आहे आणि ते आपल्याकडे लवकर लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये माणसाला किताब मिळाला की इतिहास त्याला किताबाने ओळखतो. 1661 नंतर हा माणूस 'क्लॅरेंडन' झाला. ऑक्सफर्डचं क्लॅरेंडन प्रेस, क्लॅरेंडन बिल्डिंग, क्लॅरेंडन लॅबोरेटरी, 'क्लॅरेंडन कोड' नावाचे कायदे, सगळीकडे क्लॅरेंडन. व्हिक्टोरियन वाचकाच्या डोक्यात 'एडवर्ड हाइड' म्हटल्यावर त्याचा चेहरा लगेच यायचा नाही. आज आपण नेटवर नाव टाकतो आणि दोघं एकाखाली एक येतात म्हणून आपल्याला ही टक्कर फार मोठी वाटते.

आता वर म्हटलं त्याचं, स्टीव्हन्सनला तो माहीत होता हे कशावरून. लहानपणी त्याला सांभाळणारी बाई, अ‍ॅलिसन कनिंगहॅम, सगळे तिला 'कमी' म्हणायचे, त्याला स्कॉटलंडच्या कव्हेनंटर लोकांच्या छळाच्या गोष्टी सांगायची. हे कडवे प्रेस्बिटेरियन, राजाने लादलेलं चर्च न मानणारे. 1666 मध्ये त्यांनी उठाव केला, तो पेंटलंडचा उठाव, आणि स्टीव्हन्सनचं पहिलं छापील पुस्तक ह्याच उठावावर आहे, 1866 मध्ये, उठावाला 200 वर्षं झाली तेव्हा, वय 16. म्हणजे ज्या काळात क्लॅरेंडन चॅन्सेलर होता तो काळ ह्या मुलाने मिसरूड फुटायच्या आधी अभ्यासलेला. स्कॉटलंडचा कारभार दुसऱ्या लोकांकडे होता, त्यामुळे त्या छळाचं खापर थेट क्लॅरेंडनवर फोडू नका, पण काळ तोच.

आणि दुसरा दुवा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1881 मध्ये, म्हणजे 'जेकिल अँड हाइड'च्या चार वर्षं आधी, स्टीव्हन्सनने सॅम्युअल पीप्सवर एक मोठा निबंध लिहिला. पीप्स हा नौदलाच्या ऑफिसातला अधिकारी, त्याने 1660 ते 1669 ह्या काळात रोज डायरी लिहिली, शॉर्टहँडमध्ये, कोणाला सहज वाचता येऊ नये अशी. त्या डायरीत चॅन्सेलर हाइड पानोपानी आहे. पीप्स त्याला घाबरतो, त्याच्या बागेत त्याच्याबरोबर फेऱ्या मारतो, त्याच्या झोपेच्या आणि संधिवाताच्या तक्रारी लिहितो, आणि 1666 मध्ये एकदा त्याचं बोलणं ऐकून इतका भारावतो की मी चॅन्सेलरसाहेबांच्या प्रेमातच पडलोय असं लिहून ठेवतो. स्टीव्हन्सनने ही डायरी बारकाईने वाचली होती. आणि त्याच्या निबंधाचा विषय काय, तर समाजात प्रतिष्ठित असलेला एक माणूस आपलं दुसरं, लाजिरवाणं रूप एका गुप्त लिपीत जपून ठेवतो, ते का. आता तुम्हीच बघा, हा विषय चार वर्षांनी परत कुठे आला. नाव तिथून आलं असं मी म्हणणार नाही, पण कादंबरीच्या मुळाशी जायचं असेल तर चॅन्सेलरपेक्षा ह्या डायरीकडे जास्त बघा. चॅन्सेलर त्या डायरीतून डोकावतो, इतपत संबंध मला मान्य आहे.

बरं, आता त्या खऱ्या माणसाबद्दल, कारण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो फक्त 'त्याच नावाचा दुसरा' म्हणून माहीत असतो आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

एडवर्ड हाइडचा जन्म 1609 चा, विल्टशायरमधल्या डिंटन गावचा. धंद्याने वकील. 1640 मध्ये पार्लमेंटमध्ये गेला तेव्हा तो राजाच्या विरोधात बोलणाऱ्यांत होता, मनमानी कर आणि राजाची खास कोर्टं ह्यांच्यावर त्याने टीका केली. पण 1641 च्या शेवटी पार्लमेंटने राजाविरुद्ध तक्रारींचा मोठा जाहीरनामा काढला, तो जेमतेम 11 मतांनी पास झाला, आणि तिथून हाइड राजाकडे गेला. ह्यावरून 'बघा, हाही दोन तोंडांचा, जेकिल आणि हाइड' असं लिहिणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं दोन्ही वेळा एकच होतं, की राजा असो वा पार्लमेंट, कायद्याच्या चौकटीत राहा. आधी राजा चौकट मोडत होता म्हणून तो राजाविरुद्ध बोलला, मग पार्लमेंट मोडायला लागलं म्हणून पार्लमेंटविरुद्ध. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, पण जागा हलला नाही.

मग राजा आणि पार्लमेंटमधलं यादवी युद्ध, राजाची हार, आणि पळापळ. 1646 मध्ये तो युवराजाबरोबर, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्सबरोबर, आधी सिली बेटांवर गेला, तिथेच त्याने त्या युद्धाचा इतिहास लिहायला घेतला, आणि तिथून जर्सीला जाऊन तो पुढे लिहीत राहिला. पुढची सगळी वर्षं परमुलखात, कधी कधी थंडीत अंगावर धड कपडे नाहीत आणि जळणाला पैसे नाहीत अशी. एप्रिल 1660 ची ब्रेडाची घोषणा, ज्यात चार्ल्सने माफी, धर्माच्या बाबतीत सवलत, सैनिकांचे थकलेले पगार वगैरे कबूल केलं आणि ज्याच्या जोरावर रक्त न सांडता राजेशाही परत आली, तिच्यामागे मुख्य डोकं हाइडचं होतं.

परत आल्यावर पहिल्याच वर्षी घरात बॉम्ब फुटला. त्याची मुलगी अ‍ॅन राजाच्या भावापासून, ड्यूक ऑफ यॉर्क जेम्सपासून, गरोदर होती आणि सप्टेंबर 1660 मध्ये रात्रीच्या वेळी गुपचूप लग्न उरकलेलं. बापाला कळलं तेव्हा तो काय बोलला हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय: तिला टॉवरमध्ये कोंडा, पार्लमेंटमध्ये कायदा करून तिचं डोकं उडवा, तो ठराव मी स्वतः मांडतो. वाचताना आजही अंगावर काटा येतो. बापाचा राग म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याला खरी भीती ही होती की लोक म्हणणार, ह्याने राजघराण्यात घुसण्यासाठी पोरीला पुढे केली. आणि लोक नेमकं तेच म्हणाले. त्या लग्नातून झालेल्या दोन नाती पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या, मेरी दुसरी आणि अ‍ॅन, पण ते बघायला तो नव्हता.

आता आपल्याकडचा धागा, आणि हा ओढूनताणून आणलेला नाही. चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरीनशी ठरलं, तो तह जून 1661 चा. हुंड्यात रोख रक्कम, आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई बेट. हा व्यवहार झाला तेव्हा चॅन्सेलर हाइड होता आणि ह्या लग्नाच्या बाजूने त्याने वजन टाकलं. मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत एक किस्सा नेहमी येतो, की मुंबई ब्राझीलजवळ कुठेतरी आहे असं क्लॅरेंडनला वाटायचं. लंडनमध्ये त्या बेटाची किंमत किती कमी होती ते पुढच्या घटनांवरूनही कळतं. 1662 मध्ये आरमार मुंबईपुढे आलं तर पोर्तुगीजांनी ताबाच दिला नाही, कागदपत्रांवरून आणि बेटाच्या हद्दीवरून वाद, मग ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक गोव्याच्या दक्षिणेला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडले, तिथे रोगराईने शिपमनसकट बहुतेक जण मेले, आणि शेवटी फेब्रुवारी 1665 मध्ये हम्फ्री कुकने उरल्यासुरल्या लोकांसह मुंबईचा ताबा घेतला. तीन वर्षांत राजाला ती परवडेना म्हणून मार्च 1668 च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली. तोपर्यंत तह करणारा चॅन्सेलर फ्रान्समध्ये परागंदा झाला होता.

तो तिथे कसा पोचला त्याची गोष्ट पीप्सच्या डायरीतच वाचावी. 1662 मध्ये डंकर्कचा किल्ला फ्रान्सला विकला, 50 लाख लिव्हरला (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन). सांभाळायला फार खर्च येत होता म्हणून विकला, व्यवहार समजण्यासारखा होता, पण लोकांना वाटलं की देशाची अब्रू विकली. आणि नंतर ह्याने लंडनमध्ये पिकॅडिलीला एक प्रचंड घर बांधायला घेतलं. वेळ किती वाईट निवडली बघा, 1664 ला काम सुरू, 1665 ला प्लेग, 1666 ला अर्धं लंडन जळालं, लोक बेघर आणि चॅन्सेलरचा महाल वर चढतोय. लोकांनी त्याला 'डंकर्क हाउस' नाव ठेवलं, म्हणजे लाचेच्या पैशातून बांधलेलं. मग जून 1667 मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसलं आणि इंग्रजांची जहाजं नांगरलेल्या जागी जाळून गेलं. जमाव भडकला आणि आला तो थेट चॅन्सेलरच्या घरावर. पीप्स 14 जूनच्या नोंदीत लिहितो: घरासमोरची झाडं तोडली, खिडक्या फोडल्या, आणि फाटकावर फाशीचा खांब रंगवून खाली लिहिलं, बघण्यासारख्या तीन गोष्टी, डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी.

ह्या तिन्हींतल्या शेवटच्या दोन त्याच लग्नातल्या आहेत. राणीला मूल होत नाही ह्याचा दोषही त्याच्यावर, का तर म्हणे स्वतःची नातवंडं गादीवर यावीत म्हणून ह्याने मुद्दाम अशी राणी शोधली. आणि एका गोष्टीकडे लक्ष द्या: हुंड्यातलं टँजियर शिवीत आलं, मुंबई त्यात नाहीच. टँजियर इंग्रजांनी 1684 मध्ये सोडून दिलं. मुंबई पावणेतीनशे वर्षं ठेवली. पण 1667 मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या माणसाला शिवी द्यायलाही मुंबई आठवली नाही.

ऑगस्टमध्ये राजाने त्याला काढलं. जो माणूस 14 वर्षं परमुलखात आपल्याबरोबर उपाशी राहिला त्याला. राजाला भेटून तो व्हाइटहॉल राजवाड्यातून बाहेर पडत होता तेव्हा राजाची ठेवलेली बाई, लेडी कॅसलमेन, दुपारी बारा वाजता बिछान्यातून उठून अंगातल्या झग्यानिशी बाहेर आपल्या पक्षिघरात आली आणि ह्या म्हाताऱ्याला जाताना बघत उभी राहिली, हेही पीप्सनेच ऐकून लिहून ठेवलंय. मग महाभियोग. त्यातला एक आरोप मात्र गंभीर होता आणि मी तो लपवणार नाही: कैद्यांना खटल्याशिवाय दूरच्या बेटांवर पाठवणं, जिथे कोर्टाचा हात पोचत नाही. जो माणूस आयुष्यभर कायद्याची चौकट म्हणत आला त्याच्या कारकिर्दीत हे झालं, आणि 1679 च्या हेबियस कॉर्पस कायद्यात, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या कायद्यात, कैद्यांना असं समुद्रापार पाठवायला बंदी घालावी लागली. तो नोव्हेंबरमध्ये फ्रान्सला पळाला. तिथेही 1668 मध्ये एव्ह्रू गावात पगार न मिळालेल्या इंग्रज खलाशांनी त्याला खोलीत घुसून मारहाण केली. तशा अवस्थेत त्याने आत्मचरित्र लिहिलं, जर्सीचं अर्धवट हस्तलिखित मागवून इतिहास पुरा केला, आणि डिसेंबर 1674 मध्ये रूआँला वारला. पुस्तक छापलं गेलं 1702 ते 1704 मध्ये, तेव्हा गादीवर त्याची नात अ‍ॅन होती. त्याच्या विक्रीच्या पैशातून ऑक्सफर्डची क्लॅरेंडन बिल्डिंग उभी राहिली. त्यातली माणसांची शब्दचित्रं अप्रतिम आहेत. क्रॉमवेल, पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती आणि राजा नसतानाचा सत्ताधीश, त्याचा कट्टर शत्रू, पण त्याची धमक आणि हुशारी कबूल करून मग त्याला दुष्ट म्हणतो. इंग्रजी गद्य शिकणाऱ्याने निदान तेवढी पानं वाचावीतच.

शेवटी नावांच्या गोंधळाबद्दल थोडं, कारण तुम्हाला लिहिताना हे लागेल. एडवर्ड हाइड आणखीही आहेत. चॅन्सेलरचा नातू एडवर्ड हाइड, लॉर्ड कॉर्नबरी, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, 1702 ते 1708. बायकांचे कपडे घालून फिरायचा अशी अफवा ज्याच्याबद्दल आहे तो हा, आजोबा नव्हे, आणि पॅट्रिशिया बोनोमी ह्या इतिहासकार बाईंनी 1998 च्या पुस्तकात दाखवलंय की ती अफवासुद्धा राजकीय विरोधकांची असण्याचीच शक्यता जास्त. तिसरा एडवर्ड हाइड नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर, 1712 मध्ये वारला. आणि लंडनच्या हाइड पार्कचा ह्यांच्यापैकी कोणाशीच संबंध नाही, ते नाव तिथल्या जुन्या जहागिरीचं.

सिनेमाच्या हाइडवरही जाऊ नका. पडद्यावर तो धिप्पाड राक्षस असतो, पुस्तकात तो फिका, बुटका, जेकिलचे कपडे अंगात ढगळ होणारा तरुण आहे, आणि त्याला बघणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी विकृत जाणवतं पण नेमकं काय ते कोणालाच सांगता येत नाही. संधिवाताने पाय सुजलेला, जाडजूड, साठीच्या घरातला चॅन्सेलर त्याच्याशेजारी उभा करून बघा, दिसण्यातूनही काही धागा निघत नाही.

तुम्ही ह्यावर पेपर लिहिणार असाल तर 'स्टीव्हन्सनने हे नाव क्लॅरेंडनवरून घेतलं' हे वाक्य लिहू नका, परीक्षक पुरावा मागेल आणि तो तुमच्याकडे नसेल. 'स्टीव्हन्सनला क्लॅरेंडनचा काळ आणि पीप्सची डायरी चांगली माहीत होती' हे बिनधास्त लिहा, त्याला 1866 चं पुस्तक आणि 1881 चा निबंध असे दोन भक्कम आधार आहेत. वाचायचा क्रम विचाराल तर आधी पीप्सच्या 1667 मधल्या जून आणि ऑगस्टच्या नोंदी, नेटवर फुकट मिळतात, मग स्टीव्हन्सनचा पीप्सवरचा निबंध, आणि मग कादंबरीतलं शेवटचं प्रकरण, जेकिलचा कबुलीजबाब. डॅनव्हर्स आणि कॅर्यूचा मुद्दा हवा तर तळटीपेत घाला, पण योगायोग म्हणूनच.